चाकाचे नट किती आवळायचे? घरी चाक बदलणाऱ्या नवख्यांसाठी

चाक बदलायला शिकवणारे साताऱ्यात गल्लोगल्ली सापडतात. जॅक कुठं लावायचा, स्टेपनी कशी ओढून काढायची, सगळं सांगतात. नट किती आवळायचे असं विचारलं की मात्र उत्तर एकच: "फुल टाइट." फुल टाइट म्हणजे किती, तर ज्याच्या अंगात जेवढं बळ तेवढं. कॉलेजचा पोरगा पान्यावर उभा राहून उडी मारतो, साठीतले काका बसल्या जागी दोन झटके देऊन उठतात, आणि पंक्चरवाला एअर गन लावून चर्रर्र करून मोकळा होतो. गाडी तीच, नट तेच, पण तिघांनी दिलेला पीळ तीन तऱ्हेचा. त्यातला एखादा योगायोगाने बरोबर असेलही.

टायर रोटेशन, पावसाळ्याआधी आतून ब्रेक बघणं, स्टेपनी एकदा लावून पाहणं, अशा कामांसाठी घरी चाक काढणाऱ्यांनी हा लेख वाचावा. चाक काढण्याबद्दल थोडक्यातच सांगतो. बसवताना मात्र घाई करू नका, खरं काम तिथंच आहे.

नट नेमकं काय करतो

बहुतेकांना वाटतं की चाकाचं वजन स्टडवर, म्हणजे ज्या आटेदार खिळ्यांवर नट चढतात त्यांच्यावर, टांगलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेला स्टड रिमला (चाकाच्या धातूच्या भागाला) हबवर, म्हणजे चाक ज्या गोल भागावर बसतं त्यावर, दाबून धरतो. रिम आणि हब यांच्या पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं, त्यावर चाक टिकतं. १२ मिमीच्या स्टडवर १०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, दिला, आटे कोरडे असले, तर एक नट अंदाजे चार टनांनी रिम दाबतो. चार नटांचे सोळा टन झाले. अख्खी गाडी टनाच्या आसपास असते, म्हणजे ही पकड किती मोठी असते बघा.

टॉर्क कमी पडला तर हा दाब कमी होतो, चाक हबवर सूक्ष्म सरकायला लागतं आणि नट आपोआप सैल होत जातात. टॉर्क जास्त झाला तर स्टड त्याच्या सोसण्यापलीकडे ताणला जातो. एकदा असा ताणलेला स्टड मूळ लांबीवर परत येत नाही, पुढं तो पकड धरत नाही, आणि एखाद्या दिवशी तुटतो. म्हणून जास्त आवळणं ही काळजी नाही, तोही बिघाडच. माझ्या पाहण्यात सैल नटांपेक्षा अती आवळलेले नट कितीतरी जास्त येतात, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्याचा त्रास लगेच दिसत नाही.

आपल्या गाडीचा आकडा आधी शोधा

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात चाक बदलण्याच्या पानावर किंवा शेवटच्या तपशिलांत नटांच्या टॉर्कचा आकडा असतो. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसीच्या जुन्या कागदांखाली सापडेल. अंदाज यावा म्हणून काही आकडे देतो. मारुतीच्या बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांना ८५ न्यूटन मीटर सांगितलेलं असतं, नव्या मॉडेलना १००. टोयोटाच्या इनोव्हाला १०३, होंडा सिटीला १०८. फोक्सवॅगन पोलोला १२०, आणि तिला नट नसून बोल्ट असतात, ते थेट हबमध्ये शिरतात. ह्युंदाईच्या नव्या गाड्यांना ११ ते १३ किलो-मीटर (kgf·m; हे अंतर नव्हे, टॉर्कचंच माप), म्हणजे साधारण १०७ ते १२७ न्यूटन मीटर. हे फक्त उदाहरणादाखल. आपल्या गाडीच्या आपल्या वर्षाच्या मॉडेलचा आकडा पुस्तकातूनच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीवरून नको.

एककांत गफलत होते, तिकडं लक्ष असू द्या. टॉर्क पान्यावर, म्हणजे लावलेल्या आकड्याला पोचला की टिक करणाऱ्या पान्यावर, बहुतेक वेळा दोन पट्ट्या असतात, एक न्यूटन मीटरची आणि एक फूट-पाउंडची. १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर. १०० न्यूटन मीटर लावायचे असताना चुकून फूट-पाउंडच्या पट्टीवर १०० लावलं तर नटाला १३६ बसतात. किलो-मीटरमध्ये आकडा असेल तर त्याला ९.८ ने गुणा.

आकडा मिळाला की तो मार्करने एका चिकटपट्टीवर लिहून डिकीच्या झाकणाला आतून लावून टाका. त्याशेजारी नटाचा मापही लिहा. मारुती, होंडाला बहुतेक १९ मिमीची गोटी (सॉकेट) लागते, ह्युंदाई, टोयोटाला २१ ची, पोलोला १७ ची.

लागणारं सामान

क्लिक होणारा, अर्धा इंच चौकोनाचा टॉर्क पाना घ्या. त्याची रेंज ३० ते २०० न्यूटन मीटरच्या आसपास असली की घरच्या कुठल्याही कारला पुरतो. खूप मोठ्या रेंजचा, ट्रकवाला पाना घेऊ नका, कारण पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला हे पाने तितके अचूक नसतात. घरगुती वापराला दोन-तीन हजारांच्या घरातला चालतो. सोबत सहा कोनांची खोल गोटी हवी. बारा कोनांची गोटी घट्ट नटाचे कोपरे खाते. अलॉय रिम असेल तर पातळ भिंतीची गोटी लागते, जाड गोटी त्या खोल भोकात जात नाही किंवा रंग खरवडते.

उघडायला लांब दांड्याचा वेगळा पाना ठेवा. टॉर्क पान्याने नट उघडायचा नाही, कधीच नाही. जॅक गाडीतला चालेल, पण गाडी टेकवून ठेवायचा एखादा स्टँड मिळाला तर उत्तम. शिवाय तारेचा ब्रश, जुनं फडकं, खडू, दोन विटा आणि जॅकखाली ठेवायला फूटभर जाड लाकडी फळी.

जागा

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ज्यांचं घर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको की साताऱ्यात सपाट जागा हा ऐषोआराम आहे. घरासमोरचा रस्ता उतारावर असेल तर गाडी सरळ एखाद्या सपाट मैदानात किंवा ओळखीच्याच्या आवारात न्या. उतारावर जॅक लावून चाक काढायचा हट्ट नको. पेव्हर ब्लॉकवरही जपून, जॅकचा छोटा पाया ब्लॉकच्या सांध्यावर आला की ब्लॉक कलतो. म्हणून ती फळी. जावळी, पाटणकडच्या तांबड्या मातीत पावसाळ्यात तर फळीशिवाय काम करूच नये, जॅक वर जायच्याऐवजी खाली जातो.

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. जे चाक उचलणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी विटा लावा. बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागचं चाक उचललं की निम्मा ब्रेक हवेत गेला, मग गिअर आणि विटाच कामाला येतात.

नट सैल करणं आणि चाक काढणं

चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून सरकते. फिरवायची दिशा घड्याळाच्या काट्याच्या उलट. आजच्या सगळ्या गाड्यांना चारही चाकांना हेच, पण एखाद्याकडे जुनी विलीज जीप असेल तर तिच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात, तिथं सैल समजून आवळत बसाल.

नट हलत नसेल तर उघडताना शरीराचं वजन वापरायला हरकत नाही. पान्याचा दांडा डाव्या हाताला, जमिनीला समांतर धरायचा आणि टाचेने हळूहळू खाली दाबायचा. लांब पाइप घालून उघडायलाही चालतं. हीच युक्ती आवळताना वापरायची नाही, आणि लोक नेमकं तेच करतात.

मग जॅक, जॅकच्या ठरलेल्या खाचेतच. टायर जमिनीपासून तीन-चार बोटं सुटलं की पुरे. नट काढायच्या आधी स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर बसेल, तुमच्या पायावर नाही.

कोयना, महाबळेश्वरकडच्या पावसात दोन हंगाम काढलेल्या गाडीचं चाक नट काढूनही सुटत नाही. रिम आणि हब गंजाने एकमेकांना चिकटलेले असतात. सगळे नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या आणि टायरला डावीकडून, उजवीकडून आलटून पालटून टाचेने ठोका. चाक सुटेल आणि अंगावरही येणार नाही. हातोडी थेट रिमवर मारायची नाही.

बसवण्याआधी साफसफाई

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात. चाक काढलंय तर हबचा सपाट चेहरा नीट बघा. गंजाचे पापुद्रे, वाळलेली माती, जुन्या रंगाचे थर. त्या थरांवरून आवळलं तर टॉर्क पाना टिक करतो, तुम्ही खूश होता, आणि पुढच्या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये पापुद्रे चुरडून जातात. थर गेला की तेवढी जागा रिकामी होते, स्टडचा ताण उतरतो आणि नट सैल. तारेच्या ब्रशने हबचा चेहरा आणि रिमची मागची बाजू घासून धातू दिसेपर्यंत आणा. नटाची बैठक, म्हणजे रिममधलं ते उतरतं भोक, फडक्याने पुसा.

रिमला नवा रंग मारून घेतलाय? मारणारे आतल्या चेहऱ्यावर आणि बैठकीतही जाड थर देतात. तो तिथून काढूनच टाका.

तेल आणि ग्रीसचा मुद्दा वादाचा होतो, म्हणून कारणासकट सांगतो. नट फिरवताना तुम्ही जी ताकद लावता त्यातली जवळपास नव्वद टक्के घर्षणात जाते, निम्मी नटाच्या बैठकीखाली आणि बाकीची आट्यांत. स्टड ताणायला उरते दहा टक्क्यांच्या आसपास. पुस्तकातला आकडा कोरडे आटे धरून दिलेला असतो. आट्यांना ऑइल लावलं की घर्षण कमी होतं, आणि त्याच १०० न्यूटन मीटरवर स्टड पाव ते तिसऱ्या हिश्श्याने जास्त ताणला जातो. पान्यावर आकडा बरोबर, स्टडवर चूक. म्हणून आटे स्वच्छ आणि कोरडे. गंज चढू नये म्हणून ग्रीस लावायचंच असेल तर हबच्या मधल्या गोल कडेवर बोटभर पातळ थर द्या. स्टड आणि बैठक यांना शिवू नका, ब्रेक डिस्कवर तर एक थेंबही नको.

नट कुठल्या बाजूने, कुठल्या बैठकीचा

नटाची उतरती, शंकूसारखी बाजू आत, रिमकडे. उलटा लावलेला नट चुकून घट्टही लागतो, पण तो कडेवर टेकलेला असतो आणि चाक मधोमध बसतच नाही.

बैठकीचेही प्रकार असतात. बहुतेक गाड्यांना ६० अंशांचा शंकू. होंडाच्या कंपनीच्या रिमना गोलाकार बैठक. टोयोटाच्या काही जुन्या अलॉयना सपाट वॉशरचा नट. दिसायला सारखे, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बाजारातून अलॉय बसवून घेतलेल्या गाड्यांत घोळ इथंच होतो: रिम शंकूची, नट मूळ गाडीचे गोल बैठकीचे. नट अगदी थोड्या कडेवर टेकतो आणि कितीही आवळला तरी टिकत नाही. बाहेरून अलॉय घेताना त्याचेच नट मागून घ्या, आणि ते नट लोखंडी स्टेपनीला बसतात का हेही तिथंच लावून बघा. रात्री खंबाटकीत पंक्चर झाल्यावर हे कळून काय उपयोग?

सुरुवात बोटांनी

चाक स्टडवर चढवा, वरचा नट आधी बोटांनी लावा म्हणजे चाक टांगून राहील. मग बाकीचे. प्रत्येक नट बोटांनीच जाईल तेवढा आत न्या. तीन-चार फेऱ्यांच्या आत बोटाला अडायला लागला तर पाना उचलू नका. नट काढा, आटे पुसा, पुन्हा सरळ धरून लावा. आडवा चढलेला नट पान्याने रेटला की नट आणि स्टड दोघांचेही आटे जातात. गन हातात असलेल्या माणसाला हे अडणं जाणवतच नाही, म्हणून घाईच्या टपरीवर स्टडचे आटे इतके खाल्ले जातात.

पोलोसारख्या बोल्टच्या गाडीत चाक टांगायला स्टडच नसतो. एका हाताने चाक धरून दुसऱ्याने भोकं जुळवावी लागतात. बुटाचा पुढचा भाग टायरखाली घालून चाक उचलून धरलं की सोपं जातं.

क्रम आणि टप्पे

खडूने रिमवर प्रत्येक नटाजवळ आकडे लिहा. चार नट असतील तर वर १, खाली २, डावीकडे ३, उजवीकडे ४. पाच असतील तर एक सोडून एक, म्हणजे चांदणी काढल्यासारखं. सहा असतील तर समोरासमोरच्या जोड्या. गोल फिरत शेजारचा शेजारी आवळत जाऊ नका. डब्याचं झाकण एका बाजूने दाबलं की दुसरी बाजू वर येते, तसं रिम हबवर तिरकी बसते. मग बाकीचे नट त्या तिरकेपणातच घट्ट होतात आणि टॉर्क मात्र बरोबर दाखवतो.

आता टप्पे.

१. चाक अजून हवेत आहे. साध्या पान्याने, एका हाताने, क्रमाने नट टेकेपर्यंत घ्या. चाक हलवून बघा, रिम सगळीकडून हबला टेकली पाहिजे.

२. जॅक इतकाच उतरवा की टायर जमिनीला लागेल आणि चाक फिरणार नाही. गाडीचं पूर्ण वजन अजून येऊ देऊ नका.

३. टॉर्क पाना अंतिम आकड्याच्या निम्म्यावर लावा. १०० हवे असतील तर ५०. क्रमाने सगळे नट.

४. पाना ८० वर. पुन्हा क्रमाने.

५. जॅक पूर्ण काढा. पाना १०० वर. क्रमाने शेवटची फेरी, आणि त्यानंतर त्याच आकड्यावर अजून एक फेरी, फक्त तपासायला. पहिले नट आवळून झाल्यावर शेवटच्या नटांनी रिम आणखी दाबलेली असते, त्यामुळे १ नंबरचा नट या फेरीत किंचित फिरू शकतो. बाकीचे जागेवरच टिक करतील.

टॉर्क पाना धरायचीही रीत आहे. दांड्याच्या मुठीच्या मध्यावर हात, दुसऱ्या हाताने डोक्याकडचा भाग नुसता सावरून धरायचा. झटका न देता एका सलग ओढीने फिरवायचा. टिक ऐकू आलं, हाताला ती छोटी उसळी जाणवली, की थांबायचं. बरेच जण खात्रीसाठी टिक-टिक-टिक तीनदा करतात. प्रत्येक जादा टिकला नट थोडा पुढं जातो, म्हणजे मोजून आवळायचा मुद्दाच गेला. मुठीला पाइप जोडू नका, आकडा चुकतो. गोटी आणि पाना यांच्यामध्ये छोटी एक्स्टेन्शन लावली तर चालतं.

दोन गोष्टी खटकल्या पाहिजेत. पाना लावताच, नट तसूभरही न हलता पहिल्याच टप्प्यात टिक झालं, तर नट आट्यांत अडकलाय किंवा आडवा चढलाय; उघडून बघा. आणि नट फिरत राहतो, फिरत राहतो, पण टिक होतच नाही, हात मऊ लागतो, तर स्टड ताणून गेलाय. तिथं थांबा. आणखी दोन फेरे दिले तर तो तुमच्या डोळ्यांसमोर तुटेल.

काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून पेटीत ठेवा. आतली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत महिनोन् महिने राहिली तर पाना खोटं बोलायला लागतो.

टॉर्क पाना नसेल तर

टॉर्क म्हणजे लांबी गुणिले जोर, एवढंच गणित आहे. १०० न्यूटन मीटरसाठी ३० सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण ३४ किलोंचा जोर हवा. ४० सेंमी असेल तर २५ किलोंच्या थोडा वर. एक मीटरचा पाइप घातला तर फक्त १० किलो. आता त्या पाइपवर कुणी ४० किलोंनी रेललं तर जवळपास ३९० न्यूटन मीटर होतात, चौपट. ७० किलोंचा माणूस ३० सेंमीच्या पान्यावर नुसता उभा राहिला तरी दोनशेच्या वर जातं. उडीचं तर सांगायलाच नको.

प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा घरात असेल तर तो इथं कामाला येतो. पान्याच्या टोकाला हुक अडकवा, नटाच्या मध्यापासून हुकापर्यंतची लांबी टेपने मोजा, आणि दांड्याशी काटकोनात हळू ओढा. किती किलो ओढायचं? हवा तो आकडा भागिले मीटरमधली लांबी, आणि आलेल्या उत्तराला ९.८ ने भागा. हे टॉर्क पान्याइतकं अचूक नाही, पण "फुल टाइट" पेक्षा लाखपट बरं.

रस्त्यावर काहीच नसेल तर गाडीतल्या पान्याला टोकाशी धरून, पाय न लावता, हाताने दमदार आवळा. क्रम मात्र चुकवू नका. घरी किंवा ओळखीच्या गॅरेजला पोचल्यावर मोजून घ्या. बारीक, कमी रुंदीची स्टेपनी लावली असेल तर तिच्यावर लिहिलेली ८० किमी वेगाची मर्यादा हायवेवर मोह झाला तरी पाळा.

टपरीवर गेलात तर

घरी सगळं मोजून करणारा माणूसही पंक्चर बाहेरच काढतो. गन वाईट नाही, ती कुठवर वापरायची हे ठरवून घ्यावं लागतं. गन सुरू व्हायच्या आधी बोला.

"दादा, गनने नुसते टेकवा. शेवटचं मी हाताने आवळतो."

"मालक, वाटेत सैल पडलं तर आमचं नाव येतं."

"नाही येणार. पाना माझा आहे, तुमच्यासमोरच लावतो."

एवढ्यावर बहुतेक जण मान डोलावतात, काही जण तर पाना हातात घेऊन उलटसुलट करून बघतात. जो ऐकत नाही त्याच्याकडून निघाल्यावर घरी नट एकेक करून सैल करा आणि मोजून परत आवळा. नुसता वरून टॉर्क पाना लावून उपयोग नाही. नट आधीच १८० वर असेल तर १०० वर लावलेला पाना लगेच टिक करतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

गनने वेडेवाकडे आवळलेल्या नटांचा परिणाम घाटात कळतो. हबवर डिस्क किंचित तिरकी दाबली जाते, फिरताना लचकते आणि हळूहळू एकीकडे जास्त झिजते. काही हजार किलोमीटरनंतर पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. मग अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नव्या डिस्क, असा खर्च सुरू होतो. पुढच्या पंक्चरला गाडीतल्या वीतभर पान्याने तो नट उघडत नाही, ते वेगळंच.

५० किमीनंतर पुन्हा

नवीन बसवलेलं चाक ५० ते १०० किमी चाललं की नट पुन्हा तपासायचे. आटे, बैठक, हबचा चेहरा या सगळ्यांतले बारीक उंचवटे दबून जागा धरतात, त्यात थोडा ताण उतरतो. साताऱ्याहून कासला जाऊन आलं की साधारण एवढं अंतर होतं. पण यवतेश्वर उतरून आल्या आल्या पाना लावू नका, ब्रेक तापलेले असतात, हब आणि स्टड गरम असतात, आकडा फसवा येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना करा.

चाक जमिनीवर, पाना त्याच आकड्यावर, क्रमाने एकेक टिक. सगळे जागेवर टिक झाले तर काम संपलं. एखादा थोडासा फिरून टिक झाला तर चालतं, आणखी ५० किमीने परत बघा. पाव फेऱ्याच्या वर फिरला, किंवा दर वेळी तोच नट फिरतोय, तर चाक काढा. बैठक, हबचा चेहरा किंवा स्टड, यातलं काहीतरी बिघडलंय.

गाडी चालवताना काय ऐकायचं

वळणावर एका चाकातून टक-टक, कमी वेगातही स्टिअरिंगमध्ये डुगडुग, किंवा वेगाबरोबर वाढणारा ठोका आला तर लगेच बाजूला घ्या आणि नटांना हात लावून बघा. चाक धुताना नटाच्या भोकापासून बाहेर पसरलेल्या तांबूस गंजाच्या रेषा दिसल्या तर तो नट सैल चालतोय असं समजा. धूळ आहे म्हणून पुसून टाकू नका.

स्टड तुटला किंवा आटे गेले तर तीन नटांवर "चालतंय की" म्हणत महिना काढू नका. उरलेल्या तिघांवर वाटून आलेला भार त्यांनाही थकवतो. नवा स्टड हबमध्ये मागून दाबून बसवावा लागतो, हे गॅरेजचं काम आहे. स्टडची किंमत किरकोळ असते, मजुरीच जास्त. म्हणून हब उघडलाच आहे तर तुटलेल्याच्या दोन्ही शेजारचेही बदलून घ्या. दोन तुटले असतील तर त्या चाकाचे सगळेच. स्टडबरोबर नटही नवे घ्या, जुन्या नटाचे दबलेले आटे नवा स्टड खातात. आणि मेकॅनिक नवा स्टड गनने नट फिरवून आत ओढून बसवत असेल तर त्याला थांबवा, प्रेसवर दाबून घ्यायला सांगा. गनने ओढलेला स्टड हबमध्ये बसायच्या आधीच ताणून निघालेला असतो.